ॲक्सेसचे तक्ते सर्व्हरशी जोडताना होणारे नावांचे घोळ

वाण चाचण्यांच्या नोंदी अनेकदा वर्षानुवर्षे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एकाच फाइलमध्ये साठत जातात. वाफा, पुनरावृत्ती, वाण, धान्य उत्पादन, कडबा उत्पादन, दाण्यातील ओलावा असे रकाने, नोंदी भरण्यासाठी एक फॉर्म आणि हंगामाअखेरीस लागणारे दोन-चार अहवाल एवढा तिचा संसार असतो. एका व्यक्तीच्या संगणकापुरती ही व्यवस्था उत्तम चालते. पुढे एकाच वेळी तिघांनी नोंदी भरण्याची गरज निर्माण होते किंवा उपकेंद्रांची माहितीही त्याच ठिकाणी यावी असे ठरते. मग तक्ते सर्व्हरवर हलवावेत आणि फॉर्म व अहवाल ॲक्सेसमध्येच ठेवावेत, असा निर्णय घेतला जातो. निर्णय योग्यच असतो. परंतु तक्ते जोडल्यानंतर एखादा फॉर्म उघडत नाही, एखादा अहवाल रिकामा येतो, किंवा सर्व काही सुरळीत चालल्यासारखे दिसते आणि नोंदी मात्र सर्व्हरवर पोहोचतच नाहीत. या तिन्ही अडचणींचे मूळ बहुधा नावात असते. तिसरी अडचण सर्वांत घातक आहे आणि या लेखाचा मुख्य रोख तिच्याकडेच आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. संगणकातील तक्त्यांची, आज्ञांची व गुणधर्मांची रोमन नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष काम करताना ती रोमन लिपीतच टंकावीत. उदाहरणे मुख्यतः एसक्यूएल सर्व्हरची आहेत. अन्य सर्व्हरचे वर्तन जेथे वेगळे आहे, तेथे तसा उल्लेख केला आहे.

एका दुव्याची दोन नावे

ओडीबीसी या जोडणीमार्गाने सर्व्हरवरील तक्ता जोडला की ॲक्सेसच्या यादीत त्याचा दुवा तयार होतो. या दुव्याला दोन नावे असतात. एक स्थानिक नाव. फॉर्म, क्वेरी, अहवाल आणि आज्ञावली तक्त्याला या नावाने हाक मारतात. दुसरे मूळ नाव. सर्व्हरवर तक्ता त्या नावाने ओळखला जातो. सर्व्हरवरील प्रत्येक तक्ता एखाद्या स्कीमाखाली असतो आणि एसक्यूएल सर्व्हरवर ही स्कीमा बहुधा ‘डीबीओ’ असते. म्हणून ‘प्लॉटयील्ड’ या तक्त्याचे तेथील पूर्ण नाव ‘डीबीओ’, मग टिंब, मग ‘प्लॉटयील्ड’ असे होते. ॲक्सेसला मात्र तक्त्याच्या नावात टिंब चालत नाही. दुवा तयार करताना ते टिंबाच्या जागी अधोरेषा घालते आणि यादीत ‘डीबीओ_प्लॉटयील्ड’ असे नाव दिसू लागते. पोस्टग्रेएसक्यूएलचा तक्ता जोडल्यास याच रीतीने ‘पब्लिक_’ हा उपसर्ग लागतो, तर ओरॅकलच्या बाबतीत तक्त्याच्या मालक खात्याचे नाव लागते.

जुना फॉर्म अजूनही ‘प्लॉटयील्ड’ हेच नाव शोधत असतो. ते न सापडल्यास त्रुटी क्रमांक ३०७८ येतो. या नावाचा तक्ता किंवा क्वेरी सापडत नाही, स्पेलिंग तपासा, असा त्या संदेशाचा आशय असतो. स्पेलिंग तर बरोबर असते, त्यामुळे वापरकर्ता गोंधळतो. उपाय सोपा आहे. ॲक्सेसमधील दुव्याचे नाव बदलून उपसर्ग काढून टाकावा. असे केल्याने सर्व्हरवरील तक्त्याचे नाव बदलेल, ही भीती अनेकांना वाटते; ती अनाठायी आहे. नाव बदलते ते दुव्याचे. मूळ नाव दुव्याच्या ‘सोर्सटेबलनेम’ या गुणधर्मात जसेच्या तसे राहते आणि जोडणी अबाधित असते.

ही दोन नावे कोठे वापरावयाची, याचा गोंधळ दोन्ही दिशांनी होतो. ॲक्सेसच्या साध्या क्वेरीत कोणी सर्व्हरच्या पद्धतीने ‘डीबीओ’ टिंब ‘प्लॉटयील्ड’ असे लिहिले, तर ॲक्सेस ‘डीबीओ’ नावाची डेटाबेस फाइल शोधू लागते आणि अशी फाइल नाही अशी तक्रार करते. याउलट पास-थ्रू क्वेरी ॲक्सेस वाचतही नाही. तिचा मजकूर आहे तसा सर्व्हरकडे जातो. तेथे अधोरेषेचे स्थानिक नाव लिहिल्यास सर्व्हर त्रुटी २०८ देतो, म्हणजे या नावाची वस्तू माझ्याकडे नाही असे सांगतो. ॲक्सेसमध्ये अधोरेषा, सर्व्हरकडे जाणाऱ्या मजकुरात टिंब, एवढे पक्के असले की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

संदेश काय सांगतो

त्रुटीचा संदेश कोणी दिला, ॲक्सेसने की सर्व्हरने, हे प्रथम पाहावे. ३०७८ हा ॲक्सेसचा संदेश आहे. स्थानिक नाव सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ आहे आणि सर्व्हरशी त्याचा संबंध नाही. ३१४६ म्हणजे ‘ओडीबीसी कॉल फेल्ड’. हा केवळ लिफाफा आहे. खरा मजकूर त्याच्या पुढच्या ओळींत, सर्व्हरच्या स्वतःच्या क्रमांकासह येतो. २०८ असेल तर तक्त्याचे नाव सापडलेले नाही. २०७ असेल तर रकान्याचे नाव सापडलेले नाही. अनेक जण पहिली ओळ वाचून संदेश बंद करतात आणि मग जाळ्याची जोडणी तपासत बसतात.

२०७ येण्याचे एक कारण असे, की दुवा तयार होताना ॲक्सेस रकान्यांची यादी स्वतःपाशी नोंदवून ठेवते. पुढे सर्व्हरवर कोणी ‘मॉइश्चर’ या रकान्याचे ‘ग्रेन_मॉइश्चर’ केले, तरी दुव्याला त्याचा पत्ता नसतो. तो जुनेच नाव मागत राहतो. नवीन जोडलेला रकानाही याच कारणाने दिसत नाही. अशा वेळी ‘एक्स्टर्नल डेटा’ या भागातील ‘लिंक्ड टेबल मॅनेजर’ उघडून दुवा ताजा करून घ्यावा. दुवा पुसून नव्याने जोडण्याचा मार्ग शक्यतो टाळावा. तसे केल्यास उपसर्ग परत येतो आणि आधी निस्तरलेला घोळ पुन्हा पहिल्या पायरीवर जातो.

रकान्याचे नाव ॲक्सेसच्याच क्वेरीत चुकले असेल, तर त्रुटीऐवजी ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ अशी चौकट येते. अनोळखी नाव म्हणजे वापरकर्त्याने पुरवावयाचे मूल्य, असे ॲक्सेस समजते. हीच क्वेरी आज्ञावलीतून चालवली तर त्रुटी ३०६१ येते, ‘पॅरामीटर कमी आहेत’ असे सांगणारी. चौकटीत काहीतरी आकडा टाकून पुढे जाणे हा सर्वांत वाईट उपाय. तो आकडा सर्व ओळींत रकान्याचे मूल्य म्हणून वापरला जातो आणि अहवाल तयार होतो, पण तो खोटा असतो.

सर्व्हरवर तक्त्याचे नाव बदलण्याची ‘एसपी_रीनेम’ ही आज्ञाही एक सापळा आहे. तिला दिलेले नवे नाव ती अक्षरशः घेते. नव्या नावापुढे स्कीमा लिहिण्याची सवय असलेल्या व्यक्तीने ‘डीबीओ’ टिंब ‘प्लॉट’ असे नवे नाव दिले, तर टिंबासह तो सगळा मजकूर तक्त्याचे नाव बनतो आणि पूर्ण नावात ‘डीबीओ’ दोनदा येते. नवे नाव देताना स्कीमा लिहू नये.

आवाज न करणारी चूक

आता त्या तिसऱ्या अडचणीकडे वळू. समजा, तक्ते ॲक्सेसमधून निर्यात करून सर्व्हरवर नेले. निर्यात म्हणजे प्रत. मूळ तक्ते ॲक्सेसच्या फाइलमध्ये होते तसेच राहतात. नंतर दुवे जोडले. यादीत ‘प्लॉटयील्ड’ हा जुना स्थानिक तक्ता आहे आणि ‘डीबीओ_प्लॉटयील्ड’ हा नवा दुवाही आहे. फॉर्म ‘प्लॉटयील्ड’ शोधतो आणि ते नाव सापडतेही. त्रुटी येत नाही, नोंद जतन होते, अहवालात दिसते. सगळे समाधानी असतात. पण खरिपाच्या सर्व नोंदी त्या एका संगणकावरील फाइलमध्ये जात असतात आणि सर्व्हरवरचा तक्ता निर्यातीच्या दिवशी होता तसाच पडून असतो. शेजारच्या संगणकावर त्याच फाइलची दुसरी प्रत असेल, तर तेथेही स्वतंत्र नोंदी साठत जातात. हंगामाअखेरीस विश्लेषणासाठी सर्व्हरवरून माहिती घेतली जाते, तेव्हा पुनरावृत्त्या अपुऱ्या निघतात. दोन प्रतींतील नोंदी जुळवणे हे नंतर फार कष्टाचे काम होऊन बसते, कारण दोन्हींत स्वयंचलित क्रमांक सारखेच पडलेले असतात आणि कोणती नोंद आधीची, कोणती दुरुस्त केलेली, हे सांगणारे काही उरत नाही. काढणी झालेली असते. शेतात परत जाऊन वजन घेता येत नाही.

यावर सुचणारा सरळ उपाय म्हणजे आधी स्थानिक तक्त्याचे नाव बदलून ‘प्लॉटयील्ड_जुना’ करणे आणि मग दुव्याचा उपसर्ग काढून त्याला ‘प्लॉटयील्ड’ हे नाव देणे. क्रम बरोबर आहे. मात्र येथे ॲक्सेसची एक सोय आडवी येते. ‘नेम ऑटोकरेक्ट’ ही सुविधा चालू असेल, तर तक्त्याचे नाव बदलताच त्यावर आधारलेल्या क्वेरी व फॉर्म आपापल्या ठिकाणी नवे नाव स्वीकारतात. म्हणजे आपण जुन्या तक्त्याला बाजूला केले, आणि फॉर्म निष्ठेने त्याच्या मागोमाग ‘प्लॉटयील्ड_जुना’कडे गेले. नंतर दुव्याला ‘प्लॉटयील्ड’ नाव दिले तरी ते परत येत नाहीत. आज्ञावलीत लिहिलेली नावे मात्र ही सुविधा बदलत नाही. परिणामी फॉर्म जुन्या तक्त्यात लिहितो आणि त्याच फॉर्मवरील बटन नव्या दुव्यातून वाचते, अशी विचित्र स्थिती निर्माण होते. म्हणून स्थलांतराचे काम हाती घेण्यापूर्वी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘करंट डेटाबेस’ या मार्गाने जाऊन ही सुविधा बंद करावी. या लेखातील एकच सूचना कोणी लक्षात ठेवणार असेल, तर ती हीच असावी.

माझ्या मते जुना तक्ता नाव बदलून त्याच फाइलमध्ये ठेवणेही इष्ट नाही. त्याची प्रत वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवावी आणि कामाच्या फाइलमधून तो काढून टाकावा. मग त्याच्यावर अजून विसंबलेले जे काही असेल, ते ताबडतोब मोडेल. मोडलेली गोष्ट दिसते आणि दिसली की दुरुस्त करता येते. मायक्रोसॉफ्टचे ‘एसक्यूएल सर्व्हर मायग्रेशन असिस्टंट’ हे साधन वापरल्यास ते दुव्यांना जुनीच नावे देते आणि स्थानिक तक्त्यांची नावे आपण होऊन बदलते. त्या नावांच्या प्रारंभी ‘एसएसएमए’ आणि शेवटी ‘लोकल’ असते. ही उरलेली प्रतही काही काळाने हलवावीच.

कोणता तक्ता स्थानिक आहे आणि कोणता दुवा, हे चिन्हावरून ओळखता येते. ओडीबीसी दुव्यापुढे पृथ्वीगोलाचे चित्र असते. तक्ते अनेक असतील तर डोळ्यांवर विसंबू नये. ‘एमसिसऑब्जेक्ट्स’ या ॲक्सेसच्या अंतर्गत तक्त्यावर एक छोटी क्वेरी लिहावी आणि त्यातील ‘नेम’, ‘फॉरेननेम’, ‘टाइप’ व ‘कनेक्ट’ हे चार रकाने मागवावेत. ‘टाइप’ १ म्हणजे स्थानिक तक्ता, ४ म्हणजे ओडीबीसी दुवा, ६ म्हणजे दुसऱ्या ॲक्सेस फाइलचा किंवा एक्सेलसारख्या फाइलचा दुवा. ‘नेम’मध्ये स्थानिक नाव आणि ‘फॉरेननेम’मध्ये मूळ नाव असते. ‘कनेक्ट’मध्ये जोडणीचा तपशील असतो; सरावासाठी ठेवलेल्या डेटाबेसशी जोडलेला एखादा दुवा तसाच राहून गेला असेल तर तो येथे उघडा पडतो. ही यादी छापून स्थलांतराच्या कागदपत्रांत लावून ठेवावी. त्यानंतर फॉर्ममधून एक चाचणी नोंद भरावी आणि ती सर्व्हरवर उतरली का, हे पास-थ्रू क्वेरीने पाहावे.

कोणती नावे अडतात

ॲक्सेसमध्ये नाव ६४ वर्णांपर्यंत चालते. त्यात टिंब, उद्गारचिन्ह, चौकटी कंस आणि उलटा स्वल्प नसावा, तसेच नावाच्या आरंभी मोकळी जागा नसावी. मधल्या मोकळ्या जागा, तिरकी रेघ, टक्क्याचे चिन्ह हे सर्व ॲक्सेस सहन करते. एसक्यूएल सर्व्हरवर नाव १२८ वर्णांचे असू शकते. पण मोकळी जागा असलेले किंवा अंकाने सुरू होणारे नाव प्रत्येक वेळी चौकटी कंसात लिहावे लागते. दुव्यातून जाणाऱ्या साध्या क्वेरीत ॲक्सेस हे अवतरण स्वतः करते, म्हणून चूक लपून राहते. पहिली पास-थ्रू क्वेरी लिहिली की ती उघड होते. दरवर्षी ‘२०१९खरीप’, ‘२०२०खरीप’ असे नवे तक्ते करण्याची पद्धत त्यामुळे दुहेरी त्रासाची ठरते. वर्ष व हंगाम हे रकाने असावेत, तक्त्याच्या नावाचा भाग नसावेत.

राखीव शब्दांचा उपद्रव कृषी नोंदींत विशेष जाणवतो. मृदा वर्गीकरणात ‘ऑर्डर’ ही मूलभूत पातळी आहे. काळी कपाशीची जमीन मोडते तो व्हर्टिसॉल हा असाच एक ऑर्डर. साहजिकच मृदा तक्त्यात ‘ऑर्डर’ नावाचा रकाना येतो, आणि हा शब्द क्वेरीच्या भाषेतील क्रम लावण्याच्या आज्ञेचा आहे. ‘ग्रुप’चेही तेच. उगवण टक्केवारीसाठी ‘पर्सेंट’ आणि आराखड्यासाठी ‘प्लॅन’ ही नावे एसक्यूएल सर्व्हरवर राखीव आहेत. ‘डेट’ व ‘नेम’ हे ॲक्सेसमध्येच घोटाळा करतात. ‘सॉइल_ऑर्डर’, ‘सोइंग_डेट’ अशी जोडनावे दिली की प्रश्न मिटतो.

मायएसक्यूएलच्या वापरकर्त्यांनी अक्षरांच्या आकाराकडे लक्ष द्यावे. विंडोजवरील सर्व्हर तक्त्याच्या नावातील मोठ्या व लहान रोमन अक्षरांत भेद करत नाही, लिनक्सवरील सर्व्हर मूलतः करतो. विंडोजवर तयार केलेल्या क्वेरी लिनक्सवर ‘तक्ता नाही’ म्हणून थांबतात. पोस्टग्रेएसक्यूएल अवतरणाविना लिहिलेले नाव लहान अक्षरांत रूपांतरित करून शोधते, ओरॅकल मोठ्या अक्षरांत. सर्व नावे लहान रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांतच ठेवली तर पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल या दोहोंवर हा प्रश्न उद्भवत नाही.

नवी नावे स्वीकारायची आणि तरी जुने पंचवीस फॉर्म बदलायचे नाहीत, असे असेल तर एक मार्ग आहे. दुव्याचे स्थानिक नाव बदलता येते, पण त्यातील रकान्यांची नावे बदलता येत नाहीत. तेव्हा दुव्यावर एक साधी क्वेरी करावी, प्रत्येक रकान्याला त्यात जुने नाव द्यावे आणि त्या क्वेरीला जुन्या तक्त्याचे नाव द्यावे. ॲक्सेसमध्ये तक्ता व क्वेरी यांना एकच नाव असू शकत नाही, म्हणून हे नाव आधी मोकळे करून घ्यावे लागते. एकाच दुव्यावरची अशी क्वेरी नोंदी भरण्यासही चालते. मात्र दुव्याला प्राथमिक की असावी.

देवनागरी नावे

मराठीतून रकान्यांची नावे देण्याचा मोह रास्त आहे आणि ॲक्सेस तशी नावे स्वीकारतेही. अडचण पुढे येते. ‘शेतकऱ्याचे नाव’ या रकान्यातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर तीन रीतींनी टंकले जाते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र युनिकोड अक्षर असते, दशमान क्रमांक २३५३. दुसऱ्यात २३५२ क्रमांकाचा साधा ‘र’, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक असतो. तिसऱ्यात साधा ‘र’ आणि २३६४ क्रमांकाचा नुक्ता असतो. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. ‘शेतकऱ्या’ एवढ्या भागाची लांबी मोजली तर पहिल्या रीतीत ८ वर्ण भरतात, इतर दोन्हींत ९. ‘ॲझोटोबॅक्टर’मधील आद्याक्षराचेही तसेच आहे. काही कळफलक २४१८ हे एकच अक्षर देतात, काही ‘अ’ला अर्धचंद्र जोडतात. ही नावे एक की वेगळी, हे तुलनेच्या नियमांवर ठरते आणि ॲक्सेस व सर्व्हर यांचे नियम एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल तर बाइटला बाइट जुळवून पाहते. तेथे ही नावे निश्चित वेगळी ठरतात. नाव डोळ्यांना बरोबर दिसत असूनही सापडत नसेल, तर ‘लेन’ या फलनाने लांबी आणि ‘एएससीडब्ल्यू’ने एकेका वर्णाचा क्रमांक काढून पाहावा. एक्सेल किंवा वर्डमधून चिकटवलेल्या नावांत लपलेली न तुटणारी मोकळी जागाही याच तपासात सापडते. तिचा क्रमांक १६०.

आणखी दोन मर्यादा आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नावाची कमाल लांबी ६३ बाइट आहे आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तेथे ३ बाइट घेतो. म्हणजे मात्रा व हलन्त धरून २१ वर्णांनंतर नाव कापले जाते. मायएसक्यूएलच्या ओडीबीसी ड्रायव्हरचा युनिकोडऐवजी अँसी प्रकार निवडला गेला, तर देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. ॲक्सेसच्या आज्ञावली संपादकाची अडचण तर मूलभूत आहे. तो युनिकोड जाणत नाही, त्यामुळे तेथे देवनागरी नाव लिहिताच येत नाही.

माझा कल म्हणून स्पष्ट आहे. नावे रोमन असावीत, मराठी मजकूर रकान्याच्या ‘कॅप्शन’ गुणधर्मात किंवा फॉर्मवरील पट्टीत असावा. वेगवेगळ्या राज्यांतील केंद्रे जेथे एकाच सर्व्हरवर नोंदी भरतात, तेथे तर दुसरा पर्यायच नाही. सर्व्हरवर एकच रोमन नाव असते. परभणीच्या फॉर्मवर त्याची पट्टी मराठीत, धारवाडच्या फॉर्मवर कन्नडमध्ये असू शकते. रोमन लेखनातही एकवाक्यता मात्र हवी. ज्वारी या एका शब्दाची रोमन रूपे चार जण चार प्रकारे लिहितात. नावांची कोशवजा यादी प्रथम तयार करावी, ती सर्व केंद्रांना पाठवावी आणि मगच पहिला तक्ता जोडावा. दुव्यावर दिलेले ‘कॅप्शन’ त्या दुव्यापुरतेच असते. दुवा पुसून पुन्हा जोडल्यास ते नाहीसे होते, म्हणून मराठी मजकुराची ही यादीही त्याच कोशात ठेवावी.